जवारी कुठे हरवली?

तंबोऱ्याची जवारी बिघडली, तर ती लावून द्यायला मिरजेत कारागीर आहेत. पण तबकडीतल्या तंबोऱ्याची जवारी बिघडली, तर माणसाने जावे कुणाकडे? गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या जेवणानंतर, हा प्रश्न माझ्या मामांनी मला विचारला. आणि त्याचे उत्तर शोधण्यात माझे पुढचे चार महिने खर्ची पडले.

मामांचे वय 86. व्यवसायाने यंत्रविशारद. उमेदीची दहा वर्षे त्यांनी इंग्लंडात नोकरी केली आणि 1974 साली ते परतले, तेव्हा लोक आणतात तशी कापडे-घड्याळे त्यांनी आणली नाहीत. त्यांनी आणला एक ॲम्प्लिफायर! ‘क्वाड 303’ हे त्याचे नाव. तपकिरी छटेची धातूची पेटी, बाहेरून खाचाखाचांची, आकाराने पोळ्यांच्या डब्याएवढी आणि वजनाला चांगली आठ किलो. आमच्या लहानपणी त्या पेटीला हात लावायची आम्हांला बंदी होती. रविवारी सकाळी मामा सोवळ्यात असल्यासारखे हात धुऊन तबकडी लावीत, आणि मग त्या दिवाणखान्यात साक्षात दोन तंबोरे येऊन बसत.

“अरे, आवाज येतो,” मामा सांगत होते, “पण तंबोरा मेला आहे. तारा नुसत्या टण्‌ टण्‌ वाजतात. जवारीच नाही! डावीकडून तर गवई उशीत तोंड खुपसून गातो आहे असं वाटतं.”

“मग द्या की टाकून,” मामी आतून म्हणाल्या. “भंगारवाला वजनावर घेतो म्हणाला आहे.”

मामा काही वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, “यंत्र गेलं, तर तबकड्या तरी कशाला ठेवायच्या? त्याही देऊन टाकू.”

दोनशे तबकड्या! चाळीस-पन्नास वर्षांचा संसार! मी काही बोललो नाही. रिक्षा बोलावली आणि पेटी मांडीवर घेऊन घरी आलो.

यंत्राचे घराणे

गवयाला जसे घराणे असते तसे यंत्रालाही असते, आणि दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी ते ठाऊक असलेले बरे. पीटर वॉकर नावाच्या इंग्रज गृहस्थाने 1936 साली लंडनमध्ये एक लहानशी कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात तिच्या जागेवर बाँब पडला, तेव्हा हे बिऱ्हाड 1941 साली हंटिंग्डन या आडबाजूच्या गावी हलले. ‘क्वाड’ हे नाव पुढे जगभर झाले, ते याच कंपनीच्या मालाचे. वॉकरसाहेबांचा बाणा असा, की ॲम्प्लिफायरला स्वतःचा आवाज असताच कामा नये. जे आत आले तेच मोठे करून बाहेर द्यावे. पदरचे मीठमसाले घालू नयेत.

त्या काळी ॲम्प्लिफायर म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह. ते तापायचे, जळायचे, बदलावे लागायचे. 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना 1956 साली त्यासाठी नोबेल पारितोषिकही मिळाले. वाटाण्याएवढी वस्तू, तिला ना तंतू, ना तापवण्याचा खर्च! पण सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांनी ऐकणाऱ्यांची निराशा केली. आवाज करकरीत, कानाला बोचणारा. आणि यंत्रही केव्हा जळेल याचा नेम नाही. वॉकरसाहेबांनी घाई केली नाही. ते थांबले, आणि 1967 साली ‘303’ बाजारात आणला. तो पुढे 1985 पर्यंत बनत राहिला. ज्या उद्योगात दर वर्षी नवे रूप बाजारात येते, तिथे अठरा वर्षे टिकणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

जात्यावरच्या दोघी

त्या करकरीचे मूळ समजून घ्यायचे, तर आजीचे जाते आठवावे. दोघी समोरासमोर बसतात. अर्धा फेरा एकीने ओढायचा, अर्धा दुसरीने. दळण एकसारखे पडायला हवे असेल, तर पहिलीचा हात सुटण्याआधी दुसरीचा हात खुंट्यावर पडलाच पाहिजे. मध्ये क्षणभर जरी खुंटा निराधार राहिला, तरी जाते अडखळते आणि पीठ जाडेभरडे पडते.

ॲम्प्लिफायरातही असेच दोन गडी असतात. ध्वनीची लाट वर चढते तेव्हा एक ट्रान्झिस्टर काम करतो, खाली उतरते तेव्हा दुसरा. हातबदलाच्या वेळी लाटेला जो झटका बसतो, तीच ती करकर. ती टाळण्यासाठी, गाणे चालू नसतानासुद्धा दोघांतूनही थोडासा प्रवाह वाहता ठेवतात. म्हणजे दोघींचेही हात क्षणभर खुंट्यावर एकत्र राहतात. हा प्रवाह कमी पडला तर करकर. जास्त झाला तर ट्रान्झिस्टर तापतो, तापला की अधिक प्रवाह ओढतो, त्याने आणखी तापतो, आणि अखेरीस स्वतःला जाळून घेतो.

‘303’ ची हुशारी इथे आहे. त्यात प्रत्येक बाजूला एकाऐवजी तीन ट्रान्झिस्टरांची एक तिकडी आहे. कष्टाचे काम मोठा ट्रान्झिस्टर करतो. पण किती प्रवाह वाहू द्यायचा याचा निर्णय थंड डोक्याचा धाकटा ट्रान्झिस्टर करतो, आणि तो तापणाऱ्या थोरल्यापासून दूर बसवलेला असतो. बैल तापला तरी कासरा गार डोक्याच्या माणसाच्या हाती!

आणि ध्यानात घ्या, हातबदलाचा झटका जोरदार आवाजात लपून जातो. तो उघडा पडतो हळू आवाजात, सावकाश चाललेल्या आलापीत. तेव्हा “तंबोरा मेला” ही मामांची तक्रार मला अगदीच अनाठायी वाटली नाही.

पेटी उघडली

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, एका जिन्याखाली, एक वृद्ध कारागीर बसतात. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. पेटी पाहताच त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “चालू करून पाहिलंत?”

“हो, मामांकडे रोजच चालू—”

“आता नाही करायचं. जुन्या माणसाला झोपेतून उठवताना हाक मारतात, धक्का देत नाहीत.”

झाकण काढताच पहिली गोष्ट दिसली ती अशी, की फ्यूजच्या जागी कुणा महाभागाने तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती! पूर्वी कधीतरी कुठल्याशा दुकानात पेटी दुरुस्तीला गेली होती, तिथला हा प्रताप. फ्यूज हा घरचा पहारेकरी. त्याला हाकलून दाराला अडसर म्हणून सुतळी बांधावी, असा हा प्रकार. आत काही बिघडले असते, तर फ्यूज जाण्याऐवजी सगळी पेटीच गेली असती.

मास्तरांनी तार काढली, योग्य फ्यूज बसवला, आणि आपला सिरीज बल्ब पुढे ओढला. ही युक्ती प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असते. जुन्या पद्धतीचा तंतूचा दिवा यंत्राच्या वाटेत जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल, तर दिवा लख्ख पेटून सगळा भार स्वतःवर घेतो आणि यंत्र वाचते. प्रकृती बरी असेल, तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. दिवा उजळला... आणि सावकाश मंदावला. “जिवंत आहे,” मास्तर म्हणाले.

मग पाळी आली कंडेन्सरांची. या पेटीत चार मोठे डबे आहेत, प्रत्येकी 2000 मायक्रोफॅरडचे. दोन विजेच्या पुरवठ्यासाठी आणि एकेक दोन्ही स्पीकरांच्या वाटेवर. कंडेन्सर म्हणजे विजेचा रांजण. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, आणि मध्ये रसायनात भिजवलेला कागद. वर्षे जातात तसा तो ओलावा सुकतो आणि रांजण लहान लहान होत जातो. वरून मात्र डबा तसाच दिसतो! पन्नास वर्षांच्या यंत्रात सर्वांत आधी म्हातारा होतो तो कंडेन्सरच. ट्रान्झिस्टर बहुधा ठणठणीत असतात.

डाव्या बाजूचा डबा मीटरला लावला, तर 2000 च्या जागी 700 भरला. स्पीकरच्या वाटेवर या रांजणाचे काम मोठे असते. पेटीत 67 व्होल्टचा पुरवठा आहे आणि ट्रान्झिस्टरांच्या मधल्या बिंदूवर त्याच्या निम्मा, साडेतेहतीस व्होल्टचा, स्थिर दाब असतो. तो स्पीकरपर्यंत पोचला तर स्पीकरचे वेटोळे जळेल. कंडेन्सर त्याला अडवतो आणि फक्त गाण्याची लाट पुढे सोडतो. परंतु रांजण लहान झाला, की मंद्र स्वरही वाटेतच अडू लागतात. आठ ओहमच्या स्पीकरला 2000 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल, तर नुसत्या त्या जोडीच्या हिशेबाने शक्ती निम्मी होते ती सेकंदाला 10 कंपनांशी. 700 असेल तर 28 कंपनांपाशीच. तंबोऱ्याला त्याची फारशी झळ नाही. पखवाजाच्या घुमारीला मात्र थोडी झळ लागते!

चारही डबे बदलले. बारीक कंडेन्सर बदलले. दोन ठिकाणी ड्राय सोल्डर होते, म्हणजे वरून जोडलेले दिसणारे पण आतून सुटलेले सांधे. ते पुन्हा पक्के केले. डावीकडचा गवई उशीत तोंड खुपसून का गात होता, ते यांतल्या एका सांध्याने सांगितले. कार्बनचे जुने प्रीसेट झिजले होते, तेही नवे घातले. मोठे ट्रान्झिस्टर मात्र मास्तरांनी हात न लावता तसेच ठेवले.

“मास्तर, इतके बदलले, तर मग हा मामांचा ॲम्प्लिफायर राहिला का?”

“वाड्याची वाळवी लागलेली तुळई बदलली, म्हणून वाडा दुसऱ्याचा होतो का?” मास्तरांनी उलट विचारले. “नकाशा तोच आहे. नकाशा बदलाल तर वाडा गेला.”

कानाने नव्हे, मीटरने

आता मी तबकडी लावायला आतुर झालो होतो. पण मास्तरांनी हात धरला. “आधी मोजायचं. तुमच्या कानाला आत्ता सगळंच गोड लागेल. मेहनत केली आहे ना!”

स्पीकरऐवजी त्यांनी आठ ओहमचा तारेचा जाडजूड रेझिस्टन्स जोडला. तो गात नाही, नुसता तापतो. आणि चुकले तर जळून फार नुकसान होत नाही. प्रथम पुरवठा 67 व्होल्टवर आणला. दुरुस्तीपूर्वी तो 63 भरला होता. मग दोन्ही बाजूंचे मध्यबिंदू जुळवले. मग जात्यावरच्या दोघींचा तो हातबदलाचा प्रवाह हळूहळू वाढवत योग्य जागी आणला. पेटी अर्धा तास तापू दिली आणि पुन्हा पाहिले.

त्यानंतर शक्ती. सेकंदाला 1000 कंपनांचा एक शुद्ध स्वर आत सोडायचा आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्याची लाट पाहत आवाज वाढवत न्यायचा. लाटेचे शेंडे गोल आहेत तोवर ठीक. ते कात्रीने कापल्यासारखे सपाट झाले, की यंत्राची दमछाक झाली असे समजावे. कंपनीने या यंत्राला प्रत्येक बाजूला 45 वॅटची ग्वाही दिली होती. आठ ओहमवर 45 वॅट म्हणजे सुमारे 19 व्होल्ट. आमचे शेंडे दोन्हीकडे 19 च्या किंचित पुढे जाऊन सपाट झाले. मास्तरांनी नुसती मान हलवली.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. या पेटीचा पुरवठा नियंत्रित आहे, म्हणजे आतली लहर तो दाबून टाकतो. म्हणून पुरवठ्याचे कंडेन्सर म्हातारे झाले, तरी हळू आवाजात काहीच कळत नाही. जोर लावला, की मात्र त्या सपाट शेंड्यांवर सेकंदाला 100 वेळा उमटणारे बारीक दाते दिसू लागतात. आपल्या 50 कंपनांच्या विजेच्या दुप्पट. आजार अंगावर काढणाऱ्या घरच्या कर्त्या बाईसारखे हे यंत्र आहे. जिना चढायला लावल्याशिवाय दम लागतो हे कळत नाही!

आणि अखेरची परीक्षा, विकृतीची. शुद्ध स्वर आत दिला, तर बाहेर तोच यायला हवा. पण यंत्र आपल्या पदरचे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर त्यात मिसळते. आता काम सोपे झाले आहे. संगणक त्या स्वराची चिरफाड करून कोणता अंश किती ते क्षणात दाखवतो. दुरुस्तीपूर्वी, एक वॅटच्या मंद आवाजात, डाव्या बाजूची विकृती शंभरात 0.4 होती. आता दोन्ही बाजू 0.03 च्या आत आल्या. म्हणजे दहा हजार रुपयांच्या हिशेबात तीन रुपयांची चूक! आणि सेकंदाला 30 कंपनांपासून 20,000 पर्यंत आवाजाची रेघ पाटीवर पट्टीने ओढावी तशी आडवी.

मनात विचार आला, हे यंत्र जे चोरून मिसळते ते ‘उपस्वर’, आणि तंबोऱ्याची जवारी म्हणजेही उपस्वरच! घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा, की तार घोडीला पुसट घासत कंप पावते आणि मूळ स्वराच्या पटीतले कित्येक स्वर मोहोर फुटावा तसे फुटतात. तंबोऱ्याने घातले तर तो अलंकार; यंत्राने घातले तर ती भेसळ. तंबोऱ्याचा मोहोर तसाच्या तसा हाती यावा म्हणून यंत्राने मौन पाळायचे असते.

तरीही...

माघातल्या एका रविवारी पेटी मामांच्या दिवाणखान्यात परत विराजमान झाली. मामांनी हात धुतले. तबकडी लावली. तंबोरे सुरू झाले, आणि माझ्या अंगावर काटा आला. लहानपणचा रविवार जसाच्या तसा परत आला होता!

मामा डोळे मिटून ऐकत होते. पाच मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

“डावी बाजू छान सुधारली. गवई उशीतून बाहेर आला,” ते म्हणाले. “पण जवारी... जवारी नाही रे आली.”

मला काय बोलावे ते सुचेना. कागद खिशात होता. तो दाखवावा का? दाखवला तर त्याचा अर्थ एकच होता, आणि तो मामांना कळल्याशिवाय राहिला नसता.

मला 1978 सालची एक हकीगत आठवली. इंग्लंडात जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञाने एक चाचणी घेतली होती. एक व्हॉल्व्हचा जुना क्वाड, एक हा ‘303’ आणि एक त्यानंतरचा ‘405’, तिन्ही पडद्याआड. जाणत्या कानांच्या परीक्षकांनी ऐकून ओळखायचे होते. निकाल असा लागला, की नाणे उडवून सांगितले असते तरी उत्तरे साधारण तितकीच बरोबर आली असती! तिन्ही यंत्रे निरोगी होती, म्हणून सारखी वाजली. फरक ऐकू येतो तो यंत्र आजारी असले तर. आणि यंत्र आजारी नसेल, तर?

मामांनीच हात पुढे केला. “मोजलं असशीलच. आण इकडे.”

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. आयुष्यभर आकड्यांशी व्यवहार केलेला माणूस. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. आडव्या रेघेवरून बोट 20,000 पर्यंत नेले. मग कागद घडी घालून टेबलावर ठेवला.

“यंत्र बरोबर आहे,” मामा शांतपणे म्हणाले. “म्हणजे दुसरीकडे मोजायला हवं.”

दुसरा कागद

आठवड्याने मामा स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिलेला आलेख मी पाहिला. मास्तरांच्या कागदासारखाच तो. एका बाजूला कंपने, दुसऱ्या बाजूला आवाज. फरक इतकाच, की ही रेघ हजार कंपनांपर्यंत बरी चालली होती आणि पुढे डोंगराच्या उतारासारखी खाली घसरली होती. वय झाले, की कान असाच वरच्या स्वरांपासून निवृत्त होऊ लागतो. आतल्या कानातल्या नाजूक रोमपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. काळी एकच्या षड्‌जाची तार सेकंदाला सुमारे 139 कंपने देते. तिचा तिसावा उपस्वर 4,000 च्या पलीकडे. मूळ स्वर मामांना ऐकू येत होता. त्याचा मोहोर मात्र वाटेतच गळून पडत होता. यंत्राचे कंडेन्सर आम्ही बदलले होते. कानाचे कुठून आणणार?

मामांना श्रवणयंत्र मिळाले. ते म्हणजे तरी काय? कानामागे बसणारा चिमुकला ॲम्प्लिफायरच! ट्रान्झिस्टर घराघरांत शिरला तो मुळी याच वाटेने. ट्रान्झिस्टरचा खिशातला रेडिओ 1954 साली आला. श्रवणयंत्रात तो त्याच्याही आधी बसला होता. आणि श्रवणयंत्रे बनवणाऱ्यांकडून बेल कंपनीने ट्रान्झिस्टरचे स्वामित्वशुल्क घेतले नाही. कारण ज्या ग्रॅहम बेलच्या नावाने ती कंपनी चालली होती, त्याने हयातभर बहिऱ्यांना शिकवण्याचे काम केले होते.

गुढीपाडव्याला मी मामांकडे गेलो. तबकडी फिरत होती. एक यंत्र टेबलावर, दुसरे कानामागे. मामा डोळे मिटून बसले होते.

“मामा, जवारी आली का?”

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “आली. पण पूर्वीची नाही. कुणी दुसऱ्याच घराण्याच्या माणसाने लावल्यासारखी वाटते.” आणि किंचित हसून पुढे म्हणाले, “चालेल. या वयात नव्या घराण्याची सवय करून घेता आली तर वाईट काय!”

मामी आतून श्रीखंडाच्या वाट्या घेऊन आल्या. भंगारवाल्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.